निकालाबरहुकूम ग्रँट

शाळामास्तराच्या कर्तबगारीचे माप त्याच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षाफलावरून घ्यावे आणि त्या मापाप्रमाणे त्याची प्राप्ती वाढवावी किंवा कापावी, ही सूचना जेव्हा जेव्हा पुढे येते, तेव्हा ती जणू कालपरवाच कोणा व्यवस्थापनविशारदाच्या मस्तकातून निघाली असावी अशा नवलाईने मांडली जाते. वस्तुतः हा प्रयोग इंग्लंडने राष्ट्रव्यापी प्रमाणावर सुमारे तीस वर्षे करून पाहिला. आयर्लंडने आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने त्याचा कित्ता गिरवला. आणि आपल्या मुंबई इलाख्यात तर तो 1865 च्या सुमारास येऊन दाखल झाला. राज्यकर्त्यांना ही पद्धत का सुचली, तिने वर्गाच्या चार भिंतींत काय घडवून आणले आणि ती अखेर मोडीत का काढावी लागली, ही हकिकत जितकी उद्बोधक आहे तितकीच, माणसाच्या हिशेबी बुद्धीची गंमत म्हणून, मनोरंजकही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात गोरगरिबांच्या शाळा चालवीत त्या मुख्यतः धर्मसंस्था. सरकारने 1833 मध्ये अशा शाळांच्या इमारतींसाठी 20,000 पौंडांची पहिली रक्कम मंजूर केली, आणि पुढे 1839 मध्ये या पैशाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्यासाठी प्रिव्ही कौन्सिलची एक समिती नेमली. या समितीचा पहिला चिटणीस जेम्स के-शटलवर्थ हा मूळचा डॉक्टर. दरिद्री वस्त्यांतील रोगराई डोळ्यांनी पाहिलेल्या या मनुष्याची अशी खात्री झाली होती की शाळा सुधारावयाची तर आधी मास्तर सुधारला पाहिजे, आणि मास्तर सुधारावयाचा तर त्याच्या पोटाची निश्चिंती केली पाहिजे. त्याने 1846 मध्ये आखलेल्या योजनेप्रमाणे तेरा वर्षांचा हुशार मुलगा मास्तराच्या हाताखाली पाच वर्षे उमेदवारी करी, मग निवड झाल्यास सरकारी शिष्यवृत्तीवर अध्यापनविद्यालयात जाई, आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला म्हणजे त्याच्या पगारात सरकार आपल्या खजिन्यातून परस्पर भर घाली. पुढेमागे पेन्शनचीही आशा होती. शिक्षकाचा पेशा प्रतिष्ठित करण्याचा इंग्लंडातील हा पहिला गंभीर यत्न होय.

परंतु या योजनेत खर्चाला मर्यादा घालणारे कलम नव्हते. शाळा वाढल्या, उमेदवार वाढले, आणि 1861 पर्यंत वार्षिक अनुदान 8,13,000 पौंडांच्या घरात गेले. मध्यंतरी 1854 ते 1856 या काळात क्रिमियाच्या युद्धाने खजिन्याला मोठे भगदाड पडले होते. तेव्हा एवढा पैसा ओतून राष्ट्राच्या पदरात पडते काय, हा प्रश्न पार्लमेंटात विचारला जाऊ लागला यात नवल नाही. त्याचा छडा लावण्यासाठी 1858 मध्ये ड्यूक ऑफ न्यूकॅसल याच्या अध्यक्षतेखाली चौकशी कमिशन नेमण्यात आले. कमिशनचा 1861 चा अहवाल वाचताना जाणवते ते हे की त्याने व्यवस्थेची निंदा केली नाही, पण तिच्या वर्मावर बोट मात्र ठेवले: वरच्या वर्गांतील चारदोन चुणचुणीत मुलांवर मास्तर मेहनत घेतो, आणि खालच्या वर्गांतील बहुसंख्य मुले, जी अकराव्या वर्षाच्या आतच शाळा सोडून शेतावर किंवा गिरणीत जावयाची, ती धड वाचावयासही न शिकता निघून जातात. या दोषावर उपाय म्हणून प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित या विषयांत परीक्षा घ्यावी अशी शिफारस कमिशनने केली. तिच्या जोडीला स्थानिक कर आणि जिल्हामंडळे यांची एक मोठी योजनाही सुचविली. सरकारने दुसरा, खर्चाचा आणि राजकीय कटकटीचा भाग बाजूला ठेवला आणि पहिला उचलला.

तो उचलणारा मुत्सद्दी रॉबर्ट लो. जन्मतः वर्णहीन, त्यामुळे केस पांढरेशुभ्र आणि दृष्टी इतकी अधू की कागद डोळ्यांशी धरल्याखेरीज वाचता येत नसे. असे असूनही ऑक्सफर्डात त्याने विद्वत्तेचा लौकिक मिळविला, सिडनीत जाऊन वकिली आणि राजकारण केले, आणि परत आल्यावर ‘टाइम्स’ पत्रात अग्रलेख लिहिले. तर्काची धार तीक्ष्ण, जिभेची त्याहून तीक्ष्ण. खुल्या व्यापाराच्या तत्त्वावर त्याची निष्ठा धर्मश्रद्धेच्या तोडीची होती. आणि व्यापाराला लागू पडणारे तत्त्व शाळेला का लागू पडू नये, हे त्याला प्रामाणिकपणे कळत नव्हते. शिक्षणखात्याचा उपाध्यक्ष या नात्याने कॉमन्स सभेपुढे 13 फेब्रुवारी 1862 रोजी बोलताना त्याने आश्वासन दिले ते असे की, ही पद्धत स्वस्त ठरली नाही तर कार्यक्षम ठरेल आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त ठरेल. या वाक्यावर सभागृह खूष झाले असल्यास त्याला दोष देता येत नाही. वाक्य खरोखरच देखणे आहे. फक्त पद्धत स्वस्त ठरून कार्यक्षमता आपोआप लोपली तर काय करावयाचे, एवढाच प्रश्न त्यात सुटून गेला होता.

सुधारित संहिता म्हणून प्रसिद्ध झालेल्या या नियमांचे गणित सोपे होते. शाळेच्या सरासरी हजेरीवर दर मुलामागे 4 शिलिंग मिळत. याशिवाय ज्या मुलाने वर्षात 200 हून अधिक हजेऱ्या भरल्या असतील त्याच्यामागे आणखी 8 शिलिंग. पण हे आठ शिलिंग परीक्षेवर टांगलेले. मुलगा वाचनात नापास झाला की 2 शिलिंग 8 पेन्स कापावयाचे, लेखनात झाला की तितकेच, गणितात झाला की पुन्हा तितकेच. तिन्ही विषयांत गडगडला म्हणजे आठाचे आठ शिलिंग खजिन्यात परत. सहा वर्षांखालील बालकांना परीक्षेतून वगळले होते, मुलींना शिवणकाम सक्तीचे होते, आणि बाकीच्यांसाठी सहा इयत्ता आखून दिल्या होत्या: पहिलीत फळ्यावर वीसपर्यंतचे आकडे ओळखता व लिहिता यावेत, सहावीत वर्तमानपत्रातला एखादा उतारा वाचता यावा आणि मालाच्या बिलाची बेरीज बिनचूक करता यावी. एकदा ज्या इयत्तेत मुलगा परीक्षेस बसला त्याच इयत्तेत त्याला दुसऱ्यांदा बसविता येत नसे. मास्तराच्या पगारात सरकार परस्पर घालीत असलेली भर आणि पेन्शनची वाट, दोन्ही बंद झाली. अनुदान यापुढे शाळेच्या चालकांच्या हाती पडावयाचे आणि मास्तराने त्यांच्याशी आपला सौदा करावयाचा. चालकही व्यवहारी. ठरीव पगार थोडा आणि अनुदानाचा अमुक हिस्सा, अशा करारांवर त्यांनी मास्तर नेमण्यास प्रारंभ केला, आणि अशा रीतीने वर्गातल्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर मास्तराच्या भाकरीचा एक तुकडा चढला.

विरोध तत्काळ झाला, आणि त्यातला सर्वांत प्रखर आवाज खात्याच्याच आतून आला. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी आणि टीकाकार म्हणून आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना ठाऊक आहे. परंतु त्याचा चरितार्थ 1851 पासून शाळातपासनिसाच्या नोकरीवर चाले. फ्रान्स आणि हॉलंड येथील शाळा तो नुकताच न्यूकॅसल कमिशनसाठी पाहून आला होता. ‘फ्रेझर्स मॅगझिन’च्या मार्च 1862 च्या अंकात त्याने या संहितेवर निनावी लेख लिहिला आणि आपल्याच वरिष्ठाच्या धोरणाचा समाचार घेतला. शाळा हे संस्कृतीचे केंद्र असते, तीन विषयांतील तुकडे मोजून तिचे मोल ठरत नाही, आणि ज्या मुलांच्या घरी पुस्तक नाही त्यांच्या शाळेला सर्वांत कमी पैसा मिळेल, असा त्याचा रोख होता. दडपणामुळे सरकारने मूळ मसुद्यात सवलती दिल्या. हजेरीवरचे ते चार शिलिंग आणि बालकांची परीक्षेतून सुटका ही या विरोधाचीच फळे. गाभा मात्र तसाच राहिला.

मग शाळांत काय झाले? इतिहास आणि भूगोल, जे काही थोडेफार शिकविले जात असे, त्यांना अनुदान नव्हते. ते वेळापत्रकातून पाझरून गेले. वाचनाची परीक्षा शाळेत चालू असलेल्या पुस्तकातूनच होई; तेव्हा वर्षभर तेच एक पुस्तक इतक्या वेळा घोकावयाचे की मुलगा ते पान न पाहता म्हणू शकेल, ही युक्ती मास्तरांना सुचण्यास फार दिवस लागले नाहीत. पुस्तक उलटे धरून अस्खलित वाचणाऱ्या मुलांच्या कथा तपासनिसांच्या मंडळींत प्रचलित झाल्या. अर्नोल्डने आपल्या 1867 च्या अहवालात खेदाने नमूद केले की, पुरेशा चातुर्याने तयारी करून घेतली तर खरोखर वाचता, लिहिता आणि हिशेब करता न येणाऱ्या मुलांना वाचन, लेखन आणि गणित यांच्या परीक्षेत पार करता येते. परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहणारे मूल म्हणजे शाळेचे उघड नुकसान. म्हणून आजारी मुलांनाही अंथरुणातून उठवून आणीत. हुशार मुलाला एकदम वरच्या इयत्तेत बसविण्यात मास्तराचा लाभ नव्हता, कारण दर वर्षी एकेक पायरी चढणारा मुलगा दर वर्षी पूर्ण शिलिंग मिळवून देई, आणि दोन पायऱ्या एकदम चढणारा तेवढ्या वर्षांचे उत्पन्न बुडवी.

याच संहितेने प्रत्येक शाळेत रोजनिशी ठेवण्याचा हुकूम काढला होता, आणि तीत शिक्षकाने सर्वसाधारण स्वरूपाची मते किंवा विचार लिहू नयेत अशी ताकीद होती. घडले ते लिहावे, वाटले ते लिहू नये. एका व्यवस्थेचा संपूर्ण स्वभाव एवढ्या एका नियमात सापडतो असे मला वाटते.

तपासनीसही बदलला. पूर्वी तो वर्गात बसे, मास्तराशी बोले, मुलांना प्रश्न विचारी, चांगल्या पद्धती एका शाळेतून दुसरीत नेई. आता त्याच्यापुढे नावांची यादी आणि तीन रकाने. शेकडो मुले एका दिवसात उरकावयाची आणि प्रत्येकाच्या नावापुढे खूण करावयाची. तपासनीस आणि मास्तर यांच्यात पूर्वी जे थोडे सौहार्द होते ते संपले, कारण एकाच्या पेन्सिलीच्या फराट्याने दुसऱ्याचे शिलिंग जात होते. उमेदवार-शिक्षकांची प्रथाही आटली. 1861 मध्ये दर 36 मुलांमागे एक उमेदवार होता, तो 1866 मध्ये 54 मुलांमागे एक झाला. सरकारी खर्च मात्र चार वर्षांत 8,13,000 वरून 6,37,000 पौंडांपर्यंत खाली आला. लो याच्या वचनाचा अर्धा भाग खरा ठरला तो असा.

येथे न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. खालच्या वर्गांकडे होणारे दुर्लक्ष ही कमिशनची तक्रार खोटी नव्हती, आणि नव्या पद्धतीने मास्तरांना त्या वर्गांकडे पाहावयास लावले हेही खरे. हजेरीपट नीट ठेवले जाऊ लागले. मंद मुलावर, पूर्वी ज्याला कोणी विचारीत नव्हते, आता तासन्तास मेहनत होऊ लागली. ती मेहनत बहुधा छडीच्या साह्याने होई, ही गोष्ट वेगळी.

लो स्वतः 1864 मध्ये पायउतार झाला. तपासनिसांच्या अहवालांतील प्रतिकूल मजकूर खात्यात काटछाट करून छापला जातो असा आरोप करणारा ठराव कॉमन्स सभेत मंजूर झाला आणि त्याने राजीनामा दिला. नंतरच्या चौकशी समितीने त्याला दोषमुक्त केले. त्याची संहिता त्याच्यापेक्षा चिवट निघाली. प्राथमिक शिक्षकांनी 1870 मध्ये आपला राष्ट्रीय संघ काढला त्यामागे या पद्धतीविषयीचा रोष हे एक प्रमुख कारण होते. इतिहास-भूगोलादी विषयांसाठी वेगळे अनुदान, मग 1882 मध्ये शाळेच्या एकंदर गुणवत्तेवरचे अनुदान, अशी ठिगळे लावीत लावीत ती चालली. 1886 ते 1888 या काळात बसलेल्या क्रॉस कमिशनने तिचा जाच कमी करण्याची शिफारस केली. आणि 1890 च्या नियमांनी प्रत्येक मुलाच्या परीक्षेवर पैसे देण्याची प्रथा बव्हंशी काढून टाकली. उरलेसुरले अवशेष त्या दशकाच्या अखेरपर्यंत गेले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. सर चार्ल्स वुडच्या 1854 च्या खलित्याने हिंदुस्थानात खाजगी शाळांना सरकारी मदत देण्याचे तत्त्व घालून दिले, पण ती मदत कोणत्या मापाने द्यावी हे इलाख्या-इलाख्यांवर सोपविले. मद्रासने शिक्षकाच्या पगारात भर घालण्याचा मार्ग धरला. उत्तरेकडे ठरावीक मुदतीसाठी ठोक रक्कम देण्याची चाल पडली. मुंबईने निकालाबरहुकूम ग्रँट देण्याचे ठरविले. मुंबईच्या विद्याखात्याचे डायरेक्टरपद 1865 मध्ये सर अलेक्झांडर ग्रँट यांच्याकडे आले होते. अनुदानाच्या इंग्रजी नावाचा आणि डायरेक्टरच्या आडनावाचा हा योगायोग त्या काळच्या विनोदी मंडळींनी सोडला असेल असे वाटत नाही. ग्रँट हे ऑक्सफर्डचे पदवीधर, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपल. शुष्क हिशेबनीस खचितच नव्हेत. तरीही त्यांच्या अमदानीत ही पद्धत आली, आणि तिच्यामागे इंग्लंडात नसलेले एक सबळ कारण येथे होते.

ते कारण धर्माचे. 1857 च्या बंडाला पुरती दहा वर्षेही लोटली नव्हती. खाजगी शाळांत मोठा वाटा मिशनऱ्यांचा. त्यांना सरकारी खजिन्यातून पैसा द्यावा तर सरकार ख्रिस्ती करण्यास पैसा पुरविते असा बोभाटा, न द्यावा तर वुडच्या खलित्याचा भंग. या पेचातून निकालाच्या मापाने सुंदर वाट काढून दिली. सरकारने विकत घ्यावयाचे ते केवळ गणित, भाषा आणि भूगोल यांतील परीक्षाफल; मिशनऱ्याने बायबल किती वेळ शिकविले याची चौकशी करण्याचे सरकारला कारणच उरले नाही. अलिप्तपणाचे असे निर्दोष साधन नोकरशाहीच्या हाती क्वचितच येते.

व्यवहारात मात्र माल तपासून दाम मोजण्याची ही पद्धत उभ्या शाळेपेक्षा उभारू पाहणाऱ्या शाळेला अधिक जड गेली. आधी शाळा काढा, मास्तर नेमा, वर्षभर पदरमोड करा; मग इन्स्पेक्टर किंवा ‘दिपोटी’ येऊन परीक्षा घेणार, आणि त्या दिवशीच्या निकालावर वर्षाची ग्रँट ठरणार. ज्या गावात मुलांच्या घरी अक्षर पोहोचलेले होते, तेथे निकाल चांगला लागे आणि पैसाही येई. ज्या वस्तीत पहिली पिढी शाळेत येत होती, तेथे सर्वाधिक कष्ट करणाऱ्या शाळेला सर्वांत कमी मिळे. मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा डोलारा मुख्यत्वे सरकारी शाळांवर उभा राहिला आणि अनुदानित प्राथमिक शाळा बंगालच्या तुलनेने थोड्या राहिल्या, याला इतरही कारणे होती. ग्रँटची ही अनिश्चितता त्यांपैकी एक मानावी लागते. सरकारी शाळांतील मास्तरांना ठरीव पगार असे, त्यामुळे हा चटका त्यांना थेट बसत नव्हता. तो बसे खाजगी शाळांच्या शिक्षकांना आणि गावठी शाळांच्या पंतोजींना.

सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण कमिशन 1882 मध्ये नेमले गेले. मुंबईचे काशिनाथ त्रिंबक तेलंग हे त्याचे एक सभासद होते. या कमिशनपुढे पुण्याहून जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी सादर केलेले निवेदन आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, कारण निकाल आणि मास्तराची प्राप्ती यांच्या नात्यावर त्यात एक स्वतंत्र भूमिका दिसते. गावच्या मास्तराला किमान 12 रुपये पगार असावा आणि मोठ्या गावी तो 15 ते 20 असावा. गावाच्या हिशेबांची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपालाचे किंवा स्टँपविक्रीचे काम त्याच्याकडे देऊन त्याची पत वाढवावी. तो शक्यतो शेतकरी वर्गातला, प्रसंगी नांगर किंवा सुताराची तासणी हाती धरू शकणारा असावा, असे फुले सांगतात. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एकदा होणारी भेट निरुपयोगी आहे, तपासणी निदान तीन महिन्यांनी व्हावी आणि आगाऊ सूचना न देताही व्हावी, हाही त्यांचा आग्रह. आणि मग ते म्हणतात की जो मास्तर पुष्कळ मुले पास करील त्याला उत्तेजन म्हणून पगाराव्यतिरिक्त काही खास भत्ता द्यावा.

लो याने आणि फुले यांनी निकालाकडेच बोट दाखविले. परंतु दोघांच्या योजनांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि ते चटकन नजरेत भरत नाही. लो याला शिक्षकावर विश्वास नव्हता आणि खर्च कमी करावयाचा होता, म्हणून त्याने पोटाची भाकर परीक्षेच्या टांगणीला लावली. फुले यांना खर्च वाढवून हवा होता. लोकल सेसचा, म्हणजे स्थानिक कराचा, अर्धा भाग केवळ प्राथमिक शिक्षणाला द्या असे ते याच निवेदनात मागतात. त्यांनी आधी भाकर निश्चित केली, प्रतिष्ठा निश्चित केली, तपासणी वारंवार आणि अवचित करून एका दिवसाच्या नाटकाची सोय काढून घेतली, आणि त्यानंतर निकालावर बक्षीस ठेवले. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना मास्तर मनापासून शिकवीत नाहीत हा ज्याचा अनुभव, त्याने निकाल मागावा हे स्वाभाविकच होते. परीक्षेचा सोटा केवळ कंजूष खजिनदाराच्याच हाती शोभतो असे मानणाऱ्यांनी हे निवेदन अवश्य वाचावे.

कमिशनने मात्र या दोन कल्पनांची अशी फोड केली नाही. कॉलेजांच्या बाबतीत अनुदान अध्यापकवर्ग, खर्च, कार्यक्षमता आणि स्थानिक गरज पाहून द्यावे असे त्याने ठरविले, म्हणजे उच्च शिक्षणाला निकालाच्या मापातून सोडविले. प्राथमिक शाळांना मात्र मदत बव्हंशी परीक्षेच्या निकालावरच द्यावी, मागासलेल्या प्रदेशांतील शाळांना तेवढा अपवाद करावा, अशी शिफारस केली. कॉलेजच्या प्राध्यापकावर विश्वास ठेवता येतो आणि खेड्यातल्या मास्तरावर येत नाही, हा भेद कमिशनने शब्दांत कोठे सांगितला नाही. शिफारशींतून तो आपोआप उमटला. इंग्लंडात क्रॉस कमिशन ज्या पद्धतीचा जाच मान्य करीत होते, ती पद्धत अशा रीतीने येथे नव्याने शिक्कामोर्तब होऊन आणखी वीस वर्षे चालली.

तिचा शेवट लॉर्ड कर्झनने केला. सप्टेंबर 1901 मध्ये त्याने सिमल्यास शिक्षणाधिकाऱ्यांची परिषद भरविली आणि 11 मार्च 1904 रोजी हिंदुस्थान सरकारचा शिक्षणविषयक ठराव प्रसिद्ध केला. परीक्षांचा अतिरेक हा या ठरावाचा एक मुख्य आक्षेप होता, आणि निकालाबरहुकूम ग्रँट देण्याची पद्धत त्यात स्पष्टपणे त्याज्य ठरविण्यात आली. कर्झनचे शिक्षणविषयक अन्य बेत आपल्याकडे जितके अप्रिय झाले, तितक्याच थोड्या चर्चेत हा उपकार विसरला गेला.

इंग्लंडातील शाळातपासनीस एडमंड होम्स 1875 पासून याच पद्धतीखाली हजारो मुलांची परीक्षा घेत आला होता आणि पुढे मुख्य तपासनिसाच्या पदापर्यंत चढला. निवृत्तीनंतर 1911 मध्ये त्याने एक पुस्तक लिहिले, त्यात त्याने या पद्धतीचा सर्वांत मोठा तोटा कोणता ते सांगितले आहे. नियम रद्द झाल्यावर शिक्षकांना मोकळीक मिळाली, पण ती घेता येईना. तेहतीस वर्षे ज्यांना यंत्राप्रमाणे वागविले त्यांनी एका हुकुमासरशी विचारी माणसांप्रमाणे वागावे अशी अपेक्षा करण्यात आली होती. जुन्या यादीतले रकाने गेले, तरी होम्सला दिसलेल्या कित्येक वर्गांत मुले पूर्वीच्याच पाठांची पूर्वीच्याच सुरात घोकंपट्टी करीत होती, आणि मास्तर आता अनुदान नसतानाही ती ऐकत होता.